देवा, त्यांचे दात पाड: हिब्रू स्तोत्रांतल्या सूडाच्या प्रार्थना

बायबलातली स्तोत्रसंहिता हातात घेतली की बहुतेकांचं बोट तेविसाव्या स्तोत्रावर जातं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.’ आजाऱ्याच्या उशाशी, मयताच्या घरी, परीक्षेच्या सकाळी हेच स्तोत्र म्हटलं जातं. तिथून पानं उलटत पुढे गेलं की स्तोत्र ५८ येतं आणि वाचणारा थबकतो: ‘देवा, त्यांच्या तोंडातले दात पाड.’ स्तोत्र १०९ मध्ये शत्रूबद्दल म्हटलंय, त्याची लेकरं पोरकी होवोत, त्याची बायको विधवा होवो, सावकार त्याचं सगळं ओढून नेवो. आणि स्तोत्र १३७ च्या शेवटी बाबेल (बॅबिलॉन) नगरीला उद्देशून म्हटलंय की तुझी तान्ही मुलं धरून जो खडकावर आपटील तो धन्य.

ही प्रार्थना कशी? हा प्रश्न ज्याला पडतो त्याची श्रद्धा कमी नसते, त्याने नीट वाचलेलं असतं. १५० स्तोत्रांत अशी सहा-सात तरी ठळक आहेत (३५, ५८, ६९, ८३, १०९, १३७), आणि एखाद-दुसरी तिखट ओळ तर कितीतरी स्तोत्रांत सापडते. तेविसाव्यातही शत्रू आहेतच: देव ताट वाढतो ते ‘माझ्या शत्रूंच्या देखत’.

अनेकांनी यावर सोपा उपाय केला, गाळून टाकण्याचा. जॉन वेस्ली यांनी १७८४ साली अमेरिकेतल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसाठी उपासनेचं पुस्तक तयार केलं, तेव्हा कितीतरी स्तोत्रं आणि स्तोत्रांचे तुकडे ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी शोभत नाहीत म्हणून वगळले. कॅथलिक चर्चचे धर्मगुरू आणि मठवासी रोज ठरलेल्या वेळी ज्या ग्रंथातून स्तोत्रं म्हणतात, त्याच्या १९७१ च्या नव्या आवृत्तीतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण काढली आणि इतर काही स्तोत्रांतल्या ओळीही गाळल्या. कारण दिलं ते मानसिक अडचणीचं: म्हणणाऱ्याला जड जातात. अडचण खरी आहे. तरी मला ही कात्री पटत नाही, आणि का पटत नाही ते या लेखात सांगायचंय.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. बायबलाचे दोन भाग: ज्यूंचा हिब्रू ग्रंथ म्हणजे जुना करार, आणि ख्रिस्तानंतरचा नवा करार. ‘जुन्या करारातला देव रागीट, नव्या करारातला प्रेमळ’ असं सर्रास म्हटलं जातं. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही ओळ मुळात जुन्या करारातली आहे, लेवीय १९:१८. आणि त्याच वचनाचा पहिला अर्धा भाग काय आहे? सूड उगवू नकोस, मनात अढी धरू नकोस. उलट बाजूने, नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, जिवे मारलेले साक्षीदार वेदीखालून देवाला विचारतात की आमच्या रक्ताचा बदला घ्यायला आणखी किती उशीर. म्हणजे राग एका पुस्तकात आणि प्रेम दुसऱ्यात अशी वाटणी होत नाही.

मग ज्या धर्मशास्त्रात सूड घेऊ नकोस अशी आज्ञा आहे, त्याच शास्त्रात सूडाची प्रार्थना कशी बसते?

इथे आपल्या भाषेतले दोन शब्द कामी येतात, शाप आणि गाऱ्हाणं. आपल्याकडच्या कथांत शाप देतो तो समर्थ माणूस. दुर्वासाने शकुंतलेला शाप दिला तो स्वतःच्या तपाच्या बळावर. शब्द तोंडातून सुटला की बाण सुटला, तो आपलं काम करणारच. गाऱ्हाणं घालतो तो असा समर्थ नसतो. कोकणात देवळापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण देवासमोर उभा राहून गावाची सगळी दुखणी एकेक करून सांगतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तक्रार आणि विनंती या दोन्हींना मराठीत हा एकच शब्द आहे. माझ्या मते या हिब्रू स्तोत्रांना मराठीत याहून जवळचा शब्द नाही.

स्तोत्रांची क्रियापदं बघा. ‘मी त्यांचे दात पाडीन’ असं तो म्हणत नाही. ‘तू पाड’ म्हणतो. ‘तू ऊठ’, ‘तू बघ’, ‘तू लढ’. स्तोत्र ३५ ची पहिली हिब्रू ओळ आहे ‘रीवा अदोनाय एत येरीवाय’: परमेश्वरा, माझ्याशी भांडणाऱ्यांशी तू भांड. यातला ‘रीव’ हा शब्द कज्जा, फिर्याद, खटला या अर्थानेही वापरतात. फिर्यादी बोलतोय आणि न्यायाधीश म्हणून देवाला बोलावतोय.

सूडासाठी हिब्रूत ‘नेकामा’ हा शब्द येतो, त्याचाही रंग मराठी ‘सूडा’हून वेगळा आहे. आपल्या कानाला सूड म्हटलं की डूख धरलेला माणूस दिसतो. नेकामा बहुतेक ठिकाणी देवाच्या हातचा असतो, आणि त्याचा अर्थ बिघडलेला न्याय परत जागेवर आणणं याच्या जास्त जवळ जातो. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (३२:३५) देव म्हणतो, सूड घेणं आणि परतफेड करणं माझ्याकडे आहे. नव्या करारात प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात हेच वचन पुढे केलं: तुम्ही सूड घेऊ नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या. म्हणजे या प्रार्थना लेवीयातली आज्ञा मोडत नाहीत, ती पाळायचा रस्ता दाखवतात. हातातली कुऱ्हाड देवापुढे ठेवायची, आणि ठेवताना ती किती जड आहे हे लपवायचं नाही.

आपल्या खेड्यापाड्यांतली एखादी बाई, जिची जमीन भाऊबंदांनी लाटली आणि जिला कोर्टाची पायरी चढायची ऐपत नाही, ती म्हणते, ‘देव बघून घेईल त्यांच्याकडं.’ त्या वाक्यात तळतळाट पुरेपूर असतो, पण ती विळा घेऊन निघालेली नसते. स्तोत्र ९४ ‘सूड घेणाऱ्या देवा, प्रकट हो’ असं सुरू होतं तेव्हा मला तीच बाई दिसते. त्या स्तोत्रात पुढे लगेच येतात विधवा, परका आणि अनाथ, ज्यांना दुष्टांनी मारलं.

आता ते दातांचं स्तोत्र जवळून वाचू, कारण सुटी ओळ उचलली तर ते निव्वळ रानटी वाटतं. स्तोत्र ५८ ची सुरुवात आहे एका प्रश्नाने, आणि प्रश्न आहे सत्ताधाऱ्यांना: तुम्ही खरोखर न्याय करता का? पुढची ओळ भेदक आहे: तुमचे हात देशात जुलूम तोलून देतात. तोलून! तराजू हे न्यायाचं साधन, त्याच तराजूतून जुलूम मापून दिला जातोय. म्हणजे ज्याच्याकडे दाद मागायची तोच विकला गेलाय. हे लोक नागासारखे आहेत, गारुड्याची पुंगी ऐकू नये म्हणून कान बंद केलेले. समजावणं, विनवणी, अर्जविनंत्या सगळं करून झालंय असा त्याचा अर्थ.

यानंतर येतात दात. आणि त्याच वचनाचा दुसरा भाग सांगतो की हे दात कोणाचे: तरुण सिंहांच्या दाढा उपट. सिंहाचे दात गेले की सिंह जिवंत राहतो, पण फाडू शकत नाही. इथे आधी मागितलंय ते हत्यार काढून घेणं. पुढच्या प्रतिमा सगळ्या विरून जाण्याच्या आहेत. वाहून जाणारं पाणी. चालता चालता विरघळणारी गोगलगाय. गोगलगायीसाठी इथे ‘शब्लूल’ हा शब्द आहे आणि अख्ख्या हिब्रू बायबलात तो याच एका जागी येतो. पावसाळ्यात अंगणाच्या फरशीवर गोगलगायीची चकचकीत रेघ उमटलेली असते, ती पुढे सरकते तसतशी झिजतेय असं बघणाऱ्याला वाटतं. जुलमी माणसाबद्दल स्तोत्रकर्त्याला हेच हवंय: चालता चालता झिजून संपावा.

मग येते ती अवघड ओळ, नीतिमान माणूस दुष्टाच्या रक्तात पाय धुईल. ती मी गुळगुळीत करणार नाही. रणांगणावरची, विजयाची जुनी भाषा आहे ती, आणि अंगावर येते. पण स्तोत्र तिथे थांबत नाही. शेवटची ओळ सांगते की लोक म्हणतील, पृथ्वीवर न्याय करणारा देव खरोखर आहे. पहिल्या ओळीत ‘तुम्ही न्याय करता का’ आणि शेवटच्या ओळीत ‘न्याय करणारा आहे’. मधलं सगळं या दोन टोकांमध्ये ताणलेलं आहे.

याच स्तोत्रावर जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी ११ जुलै १९३७ रोजी प्रवचन केलं. दहा दिवसांपूर्वी, १ जुलैला, त्यांचे सहकारी मार्टिन नीमोलर यांना नाझी पोलिसांनी अटक केली होती. बोनहोफर फिंकेनवाल्डे इथे पाळकांना शिकवत होते आणि ती शाळाही त्याच वर्षी गेस्टापोने बंद पाडली. अशा वेळी त्यांनी हे स्तोत्र वगळलं नाही. पण ते आपल्या तोंडात शोभतं का, असा प्रश्न त्यांनी आधी विचारला. आपण स्वतः पापी, आपली अशी प्रार्थना करायची लायकी नाही, ती फक्त निष्पाप ख्रिस्त करू शकतो, आणि देवाचा सूड क्रुसावर त्याच ख्रिस्ताने अंगावर घेतला, असं त्यांचं म्हणणं होतं. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला ही मांडणी मान्य होईलच असं नाही. तरी ज्याच्या मानेवर तलवार होती (९ एप्रिल १९४५ ला बोनहोफरना फाशी दिलं गेलं) तो माणूस हे स्तोत्र आधी स्वतःवर लावून बघतो, हे मला फार मोठं वाटतं.

स्तोत्र १०९ चा गुंता वेगळा, तो व्याकरणाचा आहे. सुरुवातीला शत्रू अनेक आहेत: ‘ते’ माझ्यावर खोटं बोलले, ‘त्यांनी’ प्रेमाची फेड द्वेषाने केली. सहाव्या वचनापासून अचानक ‘तो’ सुरू होतो: त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसरा घेवो, शाप त्याच्या पोटात पाण्यासारखा आणि हाडांत तेलासारखा मुरो. विसाव्या वचनापासून पुन्हा ‘ते’. जुन्या हिब्रूत अवतरणचिन्हं नव्हती. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की मधली शिव्याशापांची माळ शत्रूंची आहे. ते स्तोत्रकर्त्याला, म्हणजे एकट्या ‘त्याला’, जे बोलले ते तो देवापुढे जसंच्या तसं वाचून दाखवतोय. काही आधुनिक भाषांतरांनी तिथे ‘ते म्हणतात’ असे शब्दही घातलेत. अठ्ठाविसावं वचन याला दुजोरा देतं: ते शाप देवोत, तू मात्र आशीर्वाद दे.

हे वाचन मला निम्मंच पटतं. कारण विसाव्या वचनात तो म्हणतो की माझ्यावर आरोप करणाऱ्यांना परमेश्वराकडून हेच फळ मिळो. म्हणजे शाप त्यांचे असले तरी ते त्यांच्यावरच उलटावेत अशी त्याची इच्छा आहेच. पण चौथ्या वचनाच्या शेवटी दोनच हिब्रू शब्द आहेत, ‘वा-अनी तफिल्ला’. शब्दशः: ‘आणि मी, प्रार्थना’. भाषांतरात ‘मी तर प्रार्थना करतो’ असं करावं लागतं. मुळात क्रियापदच नाही. त्याचं सगळं काढून घेतलंय, आणि उरलाय तो म्हणजे एक प्रार्थना.

या स्तोत्राचा गैरवापरही झालाय आणि तो सांगायलाच हवा. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २००९ मध्ये अमेरिकेत स्टिकरांवर आणि टी-शर्टांवर ‘ओबामांसाठी प्रार्थना करा, स्तोत्र १०९:८’ असं छापलेलं दिसू लागलं. आठवं वचन म्हणजे ‘त्याचे दिवस थोडे होवोत’. लगेचचं नववं वचन लेकरं पोरकी होण्याचं. निवडणुकीतल्या हरलेल्या बाजूचा राग आणि सगळं लुटलं गेलेल्या माणसाचा आक्रोश यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ही स्तोत्रं कोण म्हणतोय यावर त्यांचा अर्थ फिरतो.

आणि स्तोत्र १३७. याची पहिली ओळ जगभर गाण्यातून पोचली, ‘बाबेलच्या नद्यांजवळ आम्ही बसलो आणि रडलो’. शेवट मात्र गाण्यात येत नाही. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम (जेरुसलेम) पाडलं, मंदिर जाळलं आणि लोकांना शेकडो कोस दूर नेलं. तिथे, कालव्यांच्या काठी, पकडणारेच म्हणतात: सियोनाचं, म्हणजे तुमच्या यरुशलेमचं, एखादं गाणं म्हणून दाखवा. घर जाळणारा करमणूक मागतोय. त्यांनी वीणा झाडांना टांगून ठेवल्या.

या स्तोत्रात पहिला शाप कोणावर आहे हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो स्वतःवर आहे. यरुशलेमा, तुला विसरलो तर माझा उजवा हात निकामी होवो, माझी जीभ टाळूला चिकटो. वाजवणारा हात आणि गाणारी जीभ, गायकाकडे असतं तेवढं सगळं. त्यानंतर देवाकडे एकच मागणं, तेही एका शब्दाचं: ‘जखोर’, आठव. यरुशलेम पडत होतं तेव्हा शेजारचे अदोमी ‘पाडा, पायापर्यंत पाडा’ म्हणून ओरडत होते, ते आठव.

मग बाबेल, आणि खडकावरची मुलं. इथे आठव्या वचनात एक माप दिलेलं आहे: तू आमच्याशी जे केलंस ते जो तुझ्याशी करील तो धन्य. म्हणजे नववी ओळ कल्पनेतून आलेली नाही. त्या काळच्या युद्धात हे होत होतं. होशेय, नहूम, यशया या संदेष्ट्यांच्या पुस्तकांत हीच कृती येते. ही ओळ म्हणणाऱ्याने ते बघितलंय, बहुधा स्वतःच्या गल्लीत. मी ती शाप म्हणून वाचण्याआधी साक्ष म्हणून वाचतो. आमच्या मुलांचं काय झालं, हे सांगायची दुसरी भाषा त्याच्याकडे उरलेली नाही.

आणि तरी, ही ओळ बरोबर आहे असं बायबल कुठे म्हणत नाही. २ राजे, अध्याय ८ मध्ये संदेष्टा अलीशा पुढे अरामाचा राजा झालेल्या हजाएलच्या तोंडाकडे टक लावून बघतो आणि रडू लागतो. हजाएल विचारतो, महाराज का रडता? अलीशा म्हणतो, तू इस्राएलच्या मुलांना आपटशील हे मला दिसतंय म्हणून. याच बाबेलात नेलेल्या लोकांना संदेष्टा यिर्मया याने पत्र लिहिलं, त्यात सांगितलं की ज्या नगरात तुम्हाला नेलंय तिथलं भलं चिंता, त्या नगरासाठी प्रार्थना करा. म्हणजे एकाच शहरासाठी एकाच ग्रंथात या दोन प्रार्थना आहेत आणि संपादकांनी दोन्ही ठेवल्या. पुढे इ. स. पू. ५३९ मध्ये इराणचा राजा कोरेश (सायरस) बाबेलात शिरला, आणि त्याच्या मातीच्या प्रसिद्ध लेखाप्रमाणे नगरात लढाई न होता शिरला. बंदिवानांना परतायची वाट मोकळी झाली ती मुलं खडकावर न आपटता.

रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनाही, हा पेच सुटत नव्हता. तालमूद या त्यांच्या ग्रंथात एक गोष्ट आहे, दुसऱ्या शतकातल्या रब्बी मेईर यांची. त्यांच्या आळीतले गुंड त्यांना फार छळत, म्हणून ते मरावेत अशी प्रार्थना मेईर करू लागले. त्यांची बायको बेरुरिया म्हणाली, कशाच्या आधाराने? स्तोत्र १०४ मध्ये ‘पापी नाहीसे होवोत’ म्हटलंय म्हणून? नीट वाच, अक्षरं ‘पापं नाहीशी होवोत’ अशीही वाचता येतात. ते सुधारावेत म्हणून माग. मेईरनी तसं मागितलं आणि ते सुधारले. व्याकरणाच्या कसोटीवर बेरुरियाचं वाचन ओढूनताणून केलेलं आहे, हे मान्य. पण पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ म्हणताना वाईट माणूस संपावा असं न मागता त्याचा वाकडेपणा गळावा असं मागितलं आहे, हे लहानपणापासून पाठ असलेल्या आपल्याला ती बाई काय म्हणत होती ते लगेच कळतं.

तरी ज्यूंनी सूडाची वचनं टाकून दिली नाहीत. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री जेवण होतं, चौथा प्याला भरला जातो आणि घराचं दार उघडतात. उघड्या दाराशी स्तोत्र ७९ मधली ओळ म्हणतात: तुला न ओळखणाऱ्या राष्ट्रांवर तुझा क्रोध ओत, कारण त्यांनी याकोबाला, म्हणजे इस्राएलला, गिळलं. ही प्रथा मध्ययुगात युरोपात रुजली. पहिल्या क्रुसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) वेळी, १०९६ मध्ये, ऱ्हाईन नदीकाठच्या ज्यू वस्त्यांची कत्तल झाली होती. तिथल्या माणसांच्या हातात सूड घ्यायचं बळ नव्हतं, ओळ होती. त्या रात्रीचा हा विधी ज्या पुस्तकातून म्हणतात ती हागादा आपल्याकडच्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठीत छापली होती, त्यामुळे ही रात्र मराठीलाही परकी नाही.

दार किती वेळ उघडं असतं? दोन-चार वचनं म्हणून होईपर्यंत. मग ते लावतात, आणि पुढची स्तुतीची स्तोत्रं सुरू होतात. पहिलीच ओळ: ‘आम्हाला नको, परमेश्वरा, आम्हाला नको, तुझ्या नावाला गौरव दे.’